मूत्राशयाच्या संसर्गावर लिहून दिलेले अँटिबायोटिक सुरक्षितपणे कसे घ्यावे

लघवी करताना आग होणे, सारखे जावेसे वाटणे, गेल्यावर चारच थेंब होणे आणि ओटीपोटात कळ येणे ही मूत्राशयाच्या संसर्गाची, म्हणजे सिस्टायटिसची, ओळखीची लक्षणे आहेत. घरात याला उन्हाळी लागली असे म्हणतात आणि धण्याचे पाणी किंवा बार्लीचे पाणी सुरू होते. पाणी कमी पडल्यामुळे लघवी दाट होऊन आग होत असेल तर या उपायांनी बरे वाटते. मात्र ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूने मूत्राशयात ठाण मांडले असेल, आणि बहुतेक रुग्णांत तोच कारणीभूत असतो, तर बऱ्याचदा डॉक्टर अँटिबायोटिक लिहून देतात. पुढची माहिती मुख्यतः नायट्रोफ्युरँटॉइन या औषधाला धरून दिली आहे, कारण साध्या सिस्टायटिसवर पहिल्या पसंतीने दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी ते एक आहे आणि ते नीट लागू पडणे घेण्याच्या पद्धतीवर बरेच अवलंबून असते.

पहिली गोळी घेण्यापूर्वी

संसर्ग मूत्राशयापुरताच आहे की वर मूत्रपिंडापर्यंत गेला आहे, हे सर्वांत आधी पाहावे. थंडी वाजून ताप येणे, कमरेच्या वर एका कुशीत दुखणे, मळमळ किंवा उलट्या होणे ही मूत्रपिंडाच्या संसर्गाची चिन्हे आहेत. नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत भरपूर प्रमाणात उतरते, पण रक्तात आणि मूत्रपिंडाच्या ऊतींत ते पुरेसे टिकत नाही, त्यामुळे अशा वेळी ते घेत राहिल्यास आग थोडी कमी होते आणि खरा आजार वाढत जातो. ही लक्षणे गोळ्या सुरू झाल्यानंतर दिसली तरी कोर्स संपण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. पुरुष, लहान मुले, गरोदर स्त्रिया, कॅथेटर (लघवीची नळी) लावलेले रुग्ण, मूतखड्याचा त्रास असलेले किंवा मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेले रुग्ण यांचे उपचार वेगळ्या हिशेबाने ठरतात, म्हणून शेजारणीला लागू पडलेली गोळी त्यांनी घेऊ नये. आगीबरोबर योनिमार्गात खाज किंवा नेहमीपेक्षा वेगळा स्राव असेल तर तेही संकोच न करता सांगावे, कारण ते दुखणे मूत्राशयाचे नसण्याचीच शक्यता जास्त असते आणि बुरशीचा संसर्ग असेल तर अँटिबायोटिकने तो बळावतो.

डॉक्टरांनी लघवीचे कल्चर, म्हणजे तिच्यातले जीवाणू वाढवून ओळखण्याची तपासणी, सांगितले असेल तर नमुना पहिल्या गोळीच्या आधी द्यावा. एक-दोन डोस पोटात गेल्यावर दिलेल्या नमुन्यात जीवाणू वाढत नाहीत आणि तपासणी वाया जाते. हात धुऊन, बाहेरचा भाग साध्या पाण्याने स्वच्छ करून, सुरुवातीची थोडी लघवी सोडून द्यावी आणि मधली धार निर्जंतुक बाटलीत घ्यावी. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नये. बाटली तासा-दोन तासांत लॅबमध्ये पोहोचणार नसेल तर ती फ्रिजमध्ये ठेवावी. अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून डॉक्टर तोवर अंदाजाने औषध सुरू करतात आणि अहवाल पाहून गरज पडल्यास ते बदलतात. अहवालात ज्या औषधांपुढे ‘एस’ (जीवाणू त्या औषधाला दाद देतो) लिहिलेले असते ती सगळीच आपल्यासाठी योग्य असतात असे नाही, म्हणून तो कागद थेट औषधांच्या दुकानात नेऊन त्यातले एखादे औषध मागू नये. तरुण, निरोगी स्त्रीला प्रथमच साधा सिस्टायटिस झाला असेल तर कल्चरशिवायही उपचार करता येतो.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. वार्षिक तपासणीच्या पॅकेजमध्ये लघवीत पस सेल (पूपेशी) किंवा जीवाणू दिसले, पण रुग्णाला कसलाच त्रास नाही, अशा वेळी अँटिबायोटिक घेण्याची सहसा गरज नसते. गरोदरपण आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया होणार असणे हे याला असलेले मुख्य अपवाद आहेत. वयस्कर आणि मधुमेही स्त्रियांच्या लघवीत लक्षणांशिवाय जीवाणू सापडणे अगदी नेहमीचे आहे, आणि केवळ कागदावरच्या आकड्यांसाठी त्यांना वरचेवर कोर्स दिल्यास पुढे खरा संसर्ग झाल्यावर औषधे लागू पडेनाशी होतात.

डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी

गरोदर असल्यास किंवा तशी शक्यता असल्यास, अंगावर दूध पाजत असल्यास, मूत्रपिंड कमजोर असल्यास आणि पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर पुरळ किंवा गांधी उठल्या असल्यास ते विचारण्याची वाट न पाहता सांगावे. मूत्रपिंडाचे काम बरेच मंदावले असेल तर नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत पुरेसे उतरत नाही आणि शरीरात साठून त्रास देते, म्हणून मधुमेही आणि वयस्कर रुग्णांनी मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिन या रक्ततपासणीचा अलीकडचा अहवाल सोबत न्यावा. गरोदरपणाच्या अगदी शेवटच्या आठवड्यांत हे औषध टाळतात, कारण त्याने नवजात बाळाच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. जी-६-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्यांनाही हाच धोका असतो. पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत ही कमतरता तुलनेने जास्त आढळते, तेव्हा कुटुंबात कोणाला ती असल्याचे माहीत असेल तर उल्लेख जरूर करावा.

चालू असलेल्या गोळ्यांची यादी तोंडी सांगण्यापेक्षा त्यांच्या स्ट्रिपच दाखवाव्यात, कारण दुसरे एखादे अँटिबायोटिक लिहून दिले गेले तर हीच यादी महत्त्वाची ठरते. को-ट्रायमॉक्साझोल हे सल्फा गटातले औषध रक्तदाबासाठीच्या टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारख्या गोळ्यांबरोबर घेतल्यास रक्तातले पोटॅशियम वाढू शकते, वॉरफॅरिनबरोबर घेतल्यास रक्त प्रमाणाबाहेर पातळ होऊ शकते आणि ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळीबरोबर घेतल्यास साखर एकदम उतरू शकते. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि नॉरफ्लॉक्सासिन ज्या गटात मोडतात त्या औषधांनी स्नायुबंधांना, म्हणजे स्नायू हाडांशी जोडणाऱ्या पट्ट्यांना, इजा होऊ शकते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये इशारा दिला की, साध्या मूत्रसंसर्गावर दुसरा पर्याय असताना ही औषधे वापरू नयेत. सौम्य दुखण्यासाठी ती लिहून दिली असतील तर दुसरे काही चालेल का, असे डॉक्टरांना विचारण्यात गैर काही नाही. ती घ्यावीच लागली तर कॅल्शियम, लोह किंवा अँटॅसिड त्याच वेळी घेऊ नये, कारण त्यामुळे औषध आतड्यातच अडकते आणि रक्तात उतरत नाही.

दुकानातून घेताना

अँटिबायोटिकच्या स्ट्रिपच्या मागे बहुधा एक उभी लाल रेघ असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नये, असा तिचा अर्थ आहे. दुकानदार दहाच्या स्ट्रिपला कात्री लावून मोजक्या गोळ्या देतो तेव्हा मुदत संपण्याची तारीख आणि कधी कधी औषधाचे नावही कापलेल्या दुसऱ्या तुकड्यावर राहते. दुकानदाराने तो तुकडा आत ठेवण्यापूर्वी तारीख वाचून घ्यावी आणि बिलावर नाव व तारीख आहे ना, हे पाहावे.

नायट्रोफ्युरँटॉइनच्या बाबतीत आणखी एक खात्री करणे अत्यंत आवश्यक आहे. औषध हळूहळू सुटणारा, नावापुढे ‘एसआर’ लिहिलेला प्रकार साधारणपणे १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घेतात, तर साधा प्रकार दिवसातून चार वेळा घ्यावा लागतो. दुकानात एकाऐवजी दुसरा मिळाला आणि वेळा तशाच ठेवल्या तर डोस कमी पडतो किंवा जास्त होतो. चिठ्ठीवरचा आणि हातातला प्रकार जुळत नसेल तर डॉक्टरांना फोन करावा. एसआर गोळी मोडू किंवा चावू नये आणि कॅप्सूल उघडून पाण्यात कालवू नये.

प्रत्यक्ष घेताना

हे औषध जेवणाबरोबर घ्यायचे असते. पोटात अन्न असले की ते जास्त प्रमाणात शोषले जाते आणि मळमळही कमी होते, म्हणून चहा-बिस्किटावर न भागवता सकाळी पोटभर नाश्ता आणि रात्री जेवण करताना, शक्यतो बारा तासांच्या अंतराने, एसआर गोळी घ्यावी. एकादशी किंवा चतुर्थी आली तर साबुदाण्याच्या खिचडीबरोबर घेतली तरी चालते, पण कोर्स सुरू असताना निर्जळी उपवास करू नये. रोजे असतील तर सहरी आणि इफ्तारच्या वेळा उपयोगी पडू शकतात, तरी दिवसभर पाणी न पिण्याचा प्रश्न उरतोच, म्हणून याबद्दल आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो आग शमवण्यासाठी बरोबरीने घेतल्या जाणाऱ्या गोष्टींमुळे. लघवीची आम्लता कमी करणारी सायट्रेटची गोड सरबते आपल्याकडे सर्रास दिली जातात आणि अनेक घरांत पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून पिण्याचाही परिपाठ आहे. दोन्हींनी आग तात्पुरती कमी होते. परंतु नायट्रोफ्युरँटॉइन आम्लधर्मी लघवीतच चांगले काम करते आणि लघवी अल्कधर्मी झाली की त्याचा प्रभाव घटतो. कपाटातली जुनी बाटली आपल्या मनाने काढू नये, आणि एकाच चिठ्ठीवर दोन्ही लिहिलेली असतील तर सरबताची खरोखर गरज आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. मॅग्नेशियम ट्रायसिलिकेट असलेले अँटॅसिडही या औषधाला शोषू देत नाही. आग असह्य होत असेल तर पॅरासिटामॉल किंवा ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी यांवर भागवता येते. पाणी तहानेपेक्षा थोडे जास्त प्यावे आणि लघवी तुंबवून ठेवू नये. एसटीच्या लांबच्या प्रवासात स्वच्छतागृह सापडणार नाही या धास्तीने स्त्रिया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. दोष त्यांचा नाही, तरी कोर्सच्या दिवसांत असा प्रवास पुढे ढकलता आला तर बरे.

एखादा डोस विसरला तर आठवताच घ्यावा. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर विसरलेला सोडून द्यावा आणि भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत.

काही डॉक्टर गोळ्यांऐवजी फॉस्फोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकची ३ ग्रॅमची एकच पुडी देतात. ती रिकाम्या पोटी, जेवणानंतर दोन-तीन तासांनी, शक्यतो रात्री झोपण्यापूर्वी लघवी करून, अर्धा पेला साध्या पाण्यात विरघळवून लगेच प्यावी. पाणी गरम नसावे. आराम पडायला दोन-तीन दिवस लागू शकतात, तेवढ्यात घाबरून दुसरी पुडी आणू नये.

काय अपेक्षित आहे, काय नाही

नायट्रोफ्युरँटॉइनने लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी होते. हा औषधाचाच रंग असतो आणि कोर्स संपला की तो जातो. लघवीतून रक्त जात असेल तर लाल किंवा गुलाबी झाक दिसते किंवा गुठळ्या पडतात, आणि ते डॉक्टरांना कळवावे. थोडी मळमळ, डोकेदुखी किंवा भूक मंदावणे अनेकांना जाणवते. अंगभर पुरळ, नव्याने सुरू झालेला कोरडा खोकला, ताप किंवा धाप, हातापायांना मुंग्या, डोळ्यांना पिवळेपणा, रक्त पडणारे जुलाब यांपैकी काहीही दिसल्यास पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला आणि श्वास अडू लागला तर फोनवर सल्ला घेत बसू नये, १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळचे रुग्णालय गाठावे.

बहुतेकांना दोन दिवसांत निश्चित फरक पडतो. दोन दिवस होऊनही आग तशीच असेल तर जीवाणू या औषधाला दाद देत नसावा किंवा निदानच वेगळे असावे. डॉक्टरांकडे परत जावे आणि कल्चर केले नसेल तर आता करून घ्यावे. आराम पडला म्हणून उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी डब्यात ठेवणे जितके चुकीचे, तितकेच पाच दिवसांचा कोर्स मनाने दहा दिवस लांबवणेही चुकीचे. लिहून दिले तितके दिवस घ्यावे आणि थांबावे. औषध बदलल्यामुळे काही गोळ्या उरल्या तर त्या कोणाला देऊ नयेत.

लक्षणे पूर्ण गेली असतील तर गरोदर नसलेल्या स्त्रीला कोर्सनंतर पुन्हा कल्चर करण्याची गरज नसते. गरोदर स्त्रीने मात्र ते करून घ्यावे. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा संसर्ग झाला तर दर वेळी जुनीच चिठ्ठी दाखवून तेच औषध आणण्याऐवजी कारणाचा शोध घ्यावा लागतो, आणि त्यासाठी आधीचे सगळे कल्चर अहवाल एका फाइलमध्ये असलेले बरे. पाळी गेलेल्या स्त्रियांत योनिमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमने असे वारंवार होणारे संसर्ग कमी होतात. हा उपाय आपल्याकडे फारसा सुचवला जात नाही, म्हणून त्याबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना आपणहून विचारावे.