होम थिएटरच्या स्पीकरवर किती खर्च करायचा? आधी या चुका टाळा

दसरा-दिवाळी आली की मला दोन-तीन फोन ठरलेले. "पन्नास हजार बाजूला काढलेत, कुठले स्पीकर घेऊ?" मी उलट विचारतो, "खोली केवढी? आणि वर काय, स्लॅब की कौलं?" समोरचा वैतागतो. त्याला कंपनीचं नाव हवं असतं. मला मात्र खोली कळल्याशिवाय आकडा सांगता येत नाही, कारण आकडा आधी ठरवल्याचा फटका मी स्वतः खाल्लाय.

आमचं जुनं घर बेळगावच्या शहापुरात, गल्लीतलं. डावी भिंत शेजाऱ्यांशी सामाईक, वर मंगळुरी कौलं. दुकानात ॲटमॉसचा, म्हणजे डोक्यावरूनही आवाज ऐकवणाऱ्या पद्धतीचा, डेमो ऐकला, डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं आणि मी गार झालो. छताकडे तोंड करून ठेवायची जोडी बारा हजार जास्तीचे मोजून घरी आणली. हे स्पीकर आवाज वर फेकतात, तो छताला आपटून कानावर येतो, म्हणून वरून आल्यासारखा वाटतो. त्यासाठी छत सपाट आणि टणक लागतं, उंची साधारण साडेसात ते बारा फूट. आमच्या उतरत्या कौलांवरून तो आवाज कुठे गेला देव जाणे. त्यात जुलै महिना. आमच्याकडचा खरा पाऊस कौलांवर वाजायला लागला की सिनेमातला पाऊस ऐकायचा कशाला?

वॅट बघून पैसे देणं

खोक्यावर हजारांत छापलेला पीएमपीओ हा आकडा विसरून जा. तो मोजायची ठरलेली पद्धतच नाही, ज्याला जे वाटेल ते तो छापतो. आरएमएस वॅट, म्हणजे सतत देता येणारी ताकद, बघा, पण त्यालाही भुलू नका. वॅट दुप्पट झाले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. आठ-नऊ फुटांवर बसून रोजचं बघताना बऱ्यापैकी स्पीकरला एक-दोन वॅटसुद्धा पुरतात. बाकीची ताकद स्फोट-बिफोटाच्या क्षणांसाठी.

त्यापेक्षा सेन्सिटिव्हिटी विचारा. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल, तो हा आकडा. ८७ चा स्पीकर १०० वॅटवर जेवढा वाजतो, तेवढाच ९० चा स्पीकर ५० वॅटवर वाजतो. दुकानदाराला हे विचारलं की तो जरा नीट बोलायला लागतो, हा वेगळा फायदा.

डबे मोजणं

पाच मोठे स्पीकर की सात छोटे, असा हिशोब आपण भांड्यांच्या सेटसारखा करतो. एकाच किमतीत जितके डबे जास्त, तितका एकेक डबा हलका, हे लक्षात घ्या. आमच्या मावशीने नवा सेट लावल्यावर दुसऱ्याच दिवशी तक्रार केली, "धडाडधूम समदं ऐकू येतंय, पण हीरो काय बोलूलाय तेच कळंना की रे!" सिनेमातलं बहुतेक बोलणं मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतं. तिच्या सेटमधला सेंटर तळहाताएवढा होता आणि तोही टीव्हीच्या मागे सरकवलेला.

आणि घरात बघता काय ते प्रामाणिकपणे मोजा. केबलवरच्या मालिका आणि बातम्यांचा आवाज बहुतेक दोनच चॅनेलचा, म्हणजे नुसता डावा-उजवा असतो. महिन्यातून दोन सिनेमे बघणाऱ्याने मागचे स्पीकर पहिल्याच दिवशी घ्यायची गरज नाही. पुढचे दोन, सेंटर आणि सबवूफर (फक्त जाड्या आवाजाचा, म्हणजे बेसचा डबा, पुढे नुसता सब) एवढ्यावर सुरुवात करा. मागच्यांसाठी तारा मात्र आताच टाकून ठेवा, नाहीतर रंगकाम झाल्यावर भिंत फोडावी लागते.

सगळी रक्कम स्पीकरवरच घालणं

माझा हिशोब सांगतो. समजा ८० हजार आहेत. त्यातले १२ हजार आधी बाजूला काढायचे. ते वायर, स्टँड, अर्थिंग, सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारा) आणि खोलीसाठी. राहिले ६८. त्यातले पंचवीस-तीस रिसीव्हरला (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा ॲम्प्लिफायर), पंधराच्या आसपास सबला, उरलेले पुढच्या तिघांना. एकूण रक्कम ४० हजारांच्या आत असेल तर रिसीव्हरच्या नादी लागू नका. सबसहित बरा साउंडबार किंवा ॲम्प्लिफायर आत असलेले दोन चांगले स्पीकर घ्या. थोड्या पैशात पाच डब्यांचा पसारा मांडला की एकही डबा धड मिळत नाही.

१० बाय १२ च्या खोलीत टॉवर, म्हणजे जमिनीवर उभे ठेवायचे उंच स्पीकर, हा पैशांचा निव्वळ अपव्यय. सब लावल्यावर आपण ८० हर्ट्झच्या खालचा, म्हणजे अगदी जाडा आवाज त्याच्याकडेच वळवतो. मग टॉवरच्या जास्तीच्या वूफरने करायचं काय? बुकशेल्फ, म्हणजे स्टँडवर ठेवायचे छोटे स्पीकर घ्या, ८ इंची सब घ्या. १५ बाय २० चा हॉल असेल तर सब १० किंवा १२ इंची, आणि तेव्हा टॉवरचा विचार करा.

वायरबद्दल लोक दोन टोकांना जातात. कुणी सोन्याच्या भावाची आणतो, कुणी खोक्यातली केसासारखी दोरी वापरतो. दीड स्क्वेअर एमएमची खऱ्या तांब्याची तार घरातल्या अंतराला भरपूर झाली. स्वस्त बंडल सोलून आतला एक धागा खरवडून बघा. आत पांढरी चमक दिसली तर ते ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे.

बाजूला काढलेल्या पैशांचं मोल खोलीत कळतं. गुळगुळीत टाइल्स, उघड्या भिंती, काचेची खिडकी. अशा हॉलमध्ये टाळी वाजवा. झणझणत परत आली तर लाखाचे स्पीकरही तसेच झणझणणार. जाड पडदे, भरलेलं पुस्तकांचं कपाट, स्पीकर आणि सोफा यांच्या मधे जमिनीवर काहीतरी जाड. आमच्या घरात नवलगुंदचा जमखाना होता, पण तो सुती आणि पातळ. खाली जाडजूड गोधडी घातली तेव्हा बोलणं सुटं ऐकू यायला लागलं. आईने गोधडीसाठी महिनाभर ऐकवलं, ते वेगळं.

सब कोपऱ्यात ढकलणं

कोपऱ्यात बेस फुगतो, म्हणून सुरुवातीला मजा वाटते. आठवड्याने डोकं दुखतं. सब तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बेसचं गाणं लावा आणि स्वतः भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे बेस नेटका वाटेल तिथे सब ठेवायचा. घरचे हसतील, हसू द्या. सामाईक भिंतीपासून मात्र दूरच ठेवा. बेस भिंतीतून पलीकडे जातो, आणि गल्लीत राहायचं तर शेजारी सबपेक्षा महत्त्वाचे. कायद्यानेही निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा मर्यादा ४५ डेसिबलची आहे.

बिल आणि वीज

कोल्हापूरला किंवा गोव्याला स्वस्त मिळतं, ही सीमाभागातली जुनी समजूत. १ जुलै २०१७ पासून जीएसटी दोन्हीकडे सारखाच आहे. दुकानदाराने सूट दिली तरच फरक. पक्कं बिल घ्या आणि बेळगावात सर्व्हिस सेंटर आहे की हुबळीला धाडावं लागेल, हे पैसे देण्याआधी विचारा. वीस किलोचा सब बसच्या टपावर टाकून नेणाऱ्याला मी ओळखतो. पुन्हा स्वस्ताचं नाव काढत नाही.

एप्रिल-मेमध्ये वळवाचा गडगडाट सुरू झाला की प्लग काढा, डिश आणि केबलची तारही काढा. सर्ज प्रोटेक्टर अर्थिंग धड असेल तरच नीट काम करतो, आणि जुन्या घरांत तिसरं भोक बऱ्याचदा नावालाच असतं. वायरमनला बोलावून तपासून घ्या.

नवे घेण्याआधी हे तपासा

बोलणं दबतंय? टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये पीसीएम असेल तर बहुधा दोनच चॅनेल पुढे जातात. ते ऑटो किंवा बिटस्ट्रीम करा, एचडीएमआयची तार एआरसी लिहिलेल्याच खाचेत घाला, सेंटर दोन-तीन डेसिबल वाढवा आणि त्याचं तोंड कानाकडे वळवा. बेस गायब आणि आवाज पोकळ? एका स्पीकरची लाल-काळी तार उलटी लागलेली असते. सतत घुं‌ऽऽ येत असेल तर केबलची तार काढून बघा. थांबलं तर दोष तिथला. काहीजण त्यावर उपाय म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कापतात. ते कदापि करू नका.

माझी ती छतवाली जोडी पुढे कॅम्पातल्या मित्राला दिली. त्याच्याकडे दहा फुटांवर सपाट स्लॅब. पहिल्या रविवारी त्याचा फोन आला, "अरे, वरून खरंच पाऊस पडतोय!" बारा हजारांतले पाच त्याने दिले, बाकीचे अजून यायचे आहेत.