जोडीनं बेटांच्या क्रूझला निघताय? या चुका टाळा

क्रूझवर एकदा पाय ठेवला की फारसं काही बिघडत नाही. जेवण वेळेवर, अंथरूण तयार, बोट चालवायची जबाबदारी दुसऱ्याची. बिघडतं ते जमीन आणि बोट यांच्या सांध्यावर: कागदपत्रांत, बंदरावर पोचण्यात, बेटावर उतरण्यात आणि परत चढण्यात. कोल्हापुरापासून मुंबईचं क्रूझ बंदर रात्रभराच्या प्रवासावर, म्हणून आपल्याकडच्या जोडप्यांची पहिली चूक बहुधा घरातून निघण्याआधीच झालेली असते.

सुट्टी ठरवून मग समुद्र बघणे

मे महिन्यात शाळा-ऑफिसला सुट्टी म्हणून मे अखेरचं बुकिंग, हा हमखास गोंधळ. मेच्या मध्यानंतर अरबी समुद्र खवळायला लागतो आणि जून ते सप्टेंबर लक्षद्वीपच्या बाजूला मौजेखातर जाण्यात अर्थ नाही. ऑक्टोबर अखेर ते एप्रिल हा काळ धरा. त्यातही डिसेंबर ते मार्च उत्तम. पावसाळ्यातच सुट्टी मिळत असेल तर सिंगापूरहून निघून पेनांग, लंकावी, फुकेत करणाऱ्या क्रूझ बघा. मलाक्काच्या सामुद्रधुनीला एका बाजूनं सुमात्रा बेटाचा आडोसा आहे, त्यामुळे तिथं लाटा कमी. फुकेतच्या किनाऱ्यावर मात्र त्या महिन्यांत पाऊस असतो, हे गृहीत धरून जा.

लक्षद्वीपबाबत आणखी एक गोष्ट बुकिंग करताना ठळक सांगितली जात नाही. अगत्तीसारख्या बेटाभोवती प्रवाळाची कड आणि आत उथळ खाजण असतं. मोठं जहाज आत जाऊच शकत नाही. ते बाहेर खोल पाण्यात उभं राहतं आणि प्रवाशांना छोट्या होड्यांतून नेतात. उधाण असेल तर होडी जहाजाला लागत नाही आणि कॅप्टन उतरणं रद्द करतो. करारात ‘हवामान अनुकूल असल्यास’ असं लिहिलेलं असतं, त्यामुळे त्या दिवसाचे पैसे परत मागता येत नाहीत. पूर्ण सहलीत एकच बेट असेल आणि तेच रद्द झालं तर उरते फक्त बोट. बेटच बघायचं असेल तर कोचीहून निघणाऱ्या लक्षद्वीप प्रशासनाच्या समुद्रम सहलीचाही विचार करा: रात्री एम. व्ही. कवरत्ती जहाजावर, दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय. पंचतारांकित थाट नाही, पण बेटं तीन. तिथं केबिन दोन बर्थची आहे की चार बर्थची, हे आधी विचारा. मधुचंद्राला निघून चौघांच्या केबिनमध्ये अनोळखी जोडप्याशेजारी झोपायची वेळ यायला नको.

नाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं

नवविवाहितांची सगळ्यात महागडी चूक हीच. आधारवर सासरचं आडनाव, पासपोर्टवर माहेरचं, आणि तिकीट एजंटाला लग्नपत्रिकेवरचं नाव सांगितलेलं. बंदरावर जो कागद दाखवणार, त्यावरचं नाव अक्षर न् अक्षर तिकिटावर हवं. परदेशी क्रूझला तो कागद पासपोर्टच. आडनाव बदलायचंच असेल तर सहलीआधी घाईनं अर्ज टाकू नका. कोल्हापुरात पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र असलं तरी पोलीस पडताळणी मध्ये येऊ शकते. जुन्या नावानं जाऊन या, मग बदला.

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपासून पुढे किमान ६ महिने असावी. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतणाऱ्या क्रूझसाठी व्हिसा एकदा प्रवेशाचा चालत नाही. विमानानं उतरलात हा पहिला प्रवेश, क्रूझवरून परत आलात हा दुसरा. व्हिसावर ‘मल्टिपल’ लिहिलंय का, हे हातात पडताच बघा. सिंगापूरचं ऑनलाइन अरायव्हल कार्डही पोचायच्या आधीच्या ३ दिवसांत भरायचं असतं. लक्षद्वीपला व्हिसा नाही, पण भारतीय पर्यटकालाही प्रवेश परवाना लागतो; तो क्रूझ कंपनी काढते की तुम्ही, हे लेखी घ्या.

गरोदरपण असेल तर बहुतेक कंपन्या २४ व्या आठवड्यापासून पुढे चढू देत नाहीत. डॉक्टरांचं पत्र त्याआधीही लागतं.

त्याच दिवशी बंदर गाठू म्हणणे

मुंबईचं क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरला, सीएसएमटीपासून दीड-दोन किलोमीटरवर. महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री कोल्हापुरातून सुटते आणि सकाळी सीएसएमटीला पोचते, चेक-इन दुपारी, कागदावर जमतं. पण गाडी रखडली तर बोट थांबत नाही, आणि रस्त्यानं निघालात तर सातारा-कागल पट्ट्यातल्या कामांचा आणि वळणरस्त्यांचा भरवसा धरू नका. आदल्या दिवशी पोचा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी खुलतं. क्रूझ त्याच्याही आधी ठरलेली असते, तेव्हा तारीख कॅलेंडरवर मांडून ठेवा.

जहाज सुटण्याची वेळ आणि चेक-इन बंद होण्याची वेळ वेगळी असते. तिकिटावर दुसरी शोधा.

बॅग देऊन टाकली आणि औषधं तिच्यात राहिली

मोठी बॅग बंदरावर टॅग लावून काढून घेतात. ती केबिनच्या दारात यायला काही तास लागतात, कधी संध्याकाळ होते. म्हणून औषधं, चार्जर, पोहण्याचे कपडे आणि एक बदलायचा जोड खांद्यावरच्या पिशवीत. कागदपत्रं आणि दागिने तर मोठ्या बॅगेत कधीच नकोत.

इस्त्री, किटली, इंडक्शन शेगडी काढून घेतली जाते, कारण जहाजावर आगीला सगळे भितात. एक्स्टेंशन बोर्डही चालत नाही, विशेषतः सर्ज प्रोटेक्टरवाला: जहाजाची वायरिंग घरासारखी नसते आणि त्या बोर्डातला सुटा भाग तापून पेट घेऊ शकतो. केबिनमध्ये प्लग एक-दोनच असतात आणि बहुधा आपल्या पिनांचे नसतात. युनिव्हर्सल अडॅप्टर आणि चार तोंडांचा साधा यूएसबी चार्जर पुरतो. भडंगाचं सीलबंद पाकीट सहसा अडवत नाहीत. डब्यातलं घरचं जेवण अडवतात. सिंगापूरला जाणाऱ्यांनी मावा, गुटखा आणि च्युइंगम घरीच ठेवावं. तिथं आणायलाच बंदी आहे आणि दंड कोल्हापुरी गप्पांनी माफ होत नाही.

केबिन स्वस्तातली, आणि बोट लागली

बोट लागते ती कानामुळे. कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं हलतोय, डोळ्यांना भिंत स्थिर दिसते, आणि मेंदू गोंधळतो. म्हणून खिडकी नसलेली, टोकाची आणि वरच्या मजल्यावरची केबिन सगळ्यात वाईट. जहाज झोक्यासारखं असतं: मध्यभागी आणि खाली कमी हलतं, टोकाला आणि वर जास्त. बाल्कनीसाठी सातवा-आठवा मजला मिळत असेल तर निदान लांबीच्या मधली केबिन मागा. जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली असलेले पंख (स्टॅबिलायझर) डावी-उजवी डुलणं कमी करतात. नाक वर-खाली होणं त्यांना थांबवता येत नाही.

ज्याला करूळ घाटात उलटी होते, त्यानं आपण सुटू असं समजू नये. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही. ती प्रवासाच्या तास-दोन तास आधी, लांबच्या प्रवासाला आदल्या रात्री घेतात. झोप येते, आणि तिच्यावर दारू तर अजिबात नको. काचबिंदू, प्रोस्टेट किंवा इतर औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. खिशात आलेपाक ठेवा. रिकाम्या पोटी राहणं आणि तर्री ओढून बसणं, दोन्ही वाईट. कोरडं, थोडं थोडं खा. मळमळायला लागलं की केबिनमध्ये आडवं होऊन मोबाइल बघत बसू नका. मधल्या उघड्या डेकवर जा आणि क्षितिजाकडे बघत राहा.

आयुष्यभर आठवेल असं बिल

तिकिटात जेवण असतं. पण सगळी हॉटेलं नसतात, सगळी पेयं नसतात, वाय-फाय तर बहुधा नसतंच. बंदर शुल्क, कर आणि दररोजची टीप वेगळी लागते का, हे विचारून दोघांची अंतिम रक्कम लेखी घ्या. परदेशी पॅकेजवर आगाऊ घेतलेला कर (टीसीएस) बुडत नाही, आयकर रिटर्नमध्ये मिळतो, पावती जपा.

जहाजावर खर्च खोलीच्या कार्डावर लिहिला जातो. त्यासाठी डेबिट कार्ड दिलंत तर खात्यातली रक्कम अडकवून ठेवतात आणि सुटायला कित्येक दिवस लागू शकतात. क्रेडिट कार्ड द्या किंवा रोख अनामत ठेवा.

मोबाइल बंदर सुटताच एअरप्लेन मोडवर. नाहीतर फोन जहाजाच्या उपग्रह टॉवरला जोडला जातो, आणि साध्या रोमिंग पॅकमध्ये ते नेटवर्क धरलेलं नसतं. आईला ‘पोचलो’ म्हणायचा व्हिडिओ कॉल किनाऱ्यावरूनच करा.

बेटावर उतरताना

होडीत चढताना दोन्ही हात मोकळे हवेत. पिशवी पाठीवर, मोबाइल आत. खलाशी मनगट धरतो. तुम्हीही त्याचं मनगट धरा, बोटं नकोत. होडी लाटेबरोबर वर येते त्या क्षणी तो ‘चला’ म्हणतो, तेव्हाच पाऊल टाका. साडी आणि घोळदार गाऊन फोटोसाठी पिशवीतून न्या.

कोल्हापुरी चप्पल घरी ठेवा. वनस्पतींच्या रसात कमावलेलं ते कातडं खाऱ्या पाण्यात भिजलं की फुगतं, वाळलं की वाकडं होतं. प्रवाळावर पाय कापतो आणि जखम चिघळते, त्यामुळे रबरी तळाचे पाण्यातले बूट घ्या. मंगळसूत्र आणि अंगठ्या केबिनच्या तिजोरीत. पाण्यात बोटं आकसतात, अंगठी कधी निसटली ते कळत नाही. प्रवाळाचा मेलेला तुकडाही उचलू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे.

स्कुबा करायचं तर सर्दी असताना नको, कानाचा पडदा दुखावतो. एकदा बुडी मारली असेल तर विमानाआधी १२ तास, अनेकदा मारली असेल तर १८ तास गेले पाहिजेत. म्हणजे बुडी पहिल्या बेटावर, शेवटच्या नव्हे.

घड्याळाची चूक

सिंगापूरहून निघालेली बरीच जहाजं फुकेतला गेल्यावरही सिंगापूरचीच वेळ ठेवतात. थायलंडची वेळ एक तास मागे आहे, आणि मोबाइल किनाऱ्यावर आपोआप बदलतो. मोबाइलवर ४ वाजले म्हणून निवांत नारळपाणी पीत बसलात तेव्हा जहाजावर ५ वाजलेले असतात. हातातलं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा आणि ते किनाऱ्यावर बदलू नका. केबिनमध्ये रोज येणाऱ्या पत्रकाचा फोटो काढून ठेवा. परत चढायची वेळ आणि बंदरातल्या एजंटाचा नंबर त्यावरच असतो. जहाजाकडून घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर ते शक्यतो थांबतात. स्वतः टॅक्सी करून गेलात तर थांबत नाहीत, मग पुढचं बंदर स्वखर्चानं गाठायचं.

सुटण्याआधीची सुरक्षा कवायतही चुकवू नका. २०१२ मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडाली, तेव्हा नुकत्याच चढलेल्या कित्येक प्रवाशांची कवायत झालीच नव्हती. सात छोटे भोंगे आणि एक लांब म्हणजे ठरलेल्या ठिकाणी जमायचं. ते ठिकाण केबिनच्या दारामागे लिहिलेलं असतं.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या थेट किनाऱ्यावर मिळतात. परतीची गाडी सकाळची न घेता रात्रीची घ्या, उतरायला रांगा लागतात. आणि बॅग बाहेर ठेवण्याआधी सकाळचे कपडे आणि चपला काढून घेतल्यात ना, ते दोघांनी बघा. नाहीतर इमिग्रेशनच्या रांगेत नाईट ड्रेसवर उभं राहावं लागतं.