धर्म समजून घ्यायचा तर आधी त्याची कालगणना उघडा

जगातल्या धर्मांची ओळख करून घ्यायची ठरवली तेव्हा मी वहीत रकाने आखले: संस्थापक, ग्रंथ, देव, प्रार्थनास्थळ. ख्रिस्ती धर्म आणि इस्लाम भराभर भरून झाले. हिंदू धर्मापाशी संस्थापकाचा रकाना रिकामा राहिला आणि ग्रंथांना जागा पुरेना. बौद्ध धर्मापाशी तर 'देव' या शब्दाशीच अडले, कारण सृष्टी घडवणारा ईश्वर तिथे मानलेलाच नाही. एकाच्या मापाचा अंगरखा मी सगळ्यांना चढवू बघत होते. ते पान फाडलं आणि नव्या पानावर एकच प्रश्न लिहिला: हा धर्म वर्षं कुठून मोजतो?

तुम्हीही इथूनच सुरुवात करा. एक वही घ्या, प्रत्येक धर्माला चार-पाच पानं द्या आणि पहिल्या ओळीत त्याचं पहिलं वर्ष लिहा.

इस्लामचा हिजरी सन इ.स. ६२२ पासून मोजतात. मुहंमद पैगंबरांचा जन्म त्याच्या बराच आधीचा. हिरा गुहेत पहिला संदेश उतरला, तोही ६१० च्या सुमाराचा. तरी पहिलं वर्ष धरलं ते मक्का सोडून मदिनेला गेले ते, कारण श्रद्धावंतांचा समाज, म्हणजे उम्मा, तिथे उभा राहिला. हे कळल्यावर शुक्रवारच्या दुपारची नमाज जमातीने, म्हणजे सगळ्यांनी एकत्र जमून का होते, हे मला वेगळं शिकावं लागलं नाही.

ख्रिस्ती गणना येशूच्या जन्मापासून. देव माणूस होऊन आला, या श्रद्धेने काळाचेच दोन भाग केले. ज्यू सृष्टीच्या निर्मितीपासून मोजतात, त्यामुळे त्यांचा आकडा सध्या ५७८० च्या पुढे आहे. जैनांचा वीर निर्वाण संवत महावीरांच्या निर्वाणापासून, इ.स.पू. ५२७ पासून, आणि श्रीलंका, थायलंडकडच्या थेरवादी बौद्धांचा सन बुद्धांच्या महापरिनिर्वाणापासून. या दोन नोंदी शेजारी शेजारी लिहिल्या तेव्हा मी बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटणं हेच ज्यांचं ध्येय, त्यांनी मोजायला सुरुवात केली ती त्या सुटकेच्या क्षणापासून. शिखांचं नानकशाही कॅलेंडर गुरू नानकांच्या जन्मवर्षापासून, १४६९ पासून.

हिंदू धर्माचं पान मात्र अर्धवटच ठेवा. शालिवाहन शक आहे, विक्रम संवत आहे, कलियुगाची गणना आहे, आणि ते कलियुगही चार युगांच्या फिरत्या चक्रातलं, ४,३२,००० वर्षांचं. पूजेच्या आधीचा संकल्प नीट ऐका: श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, कलियुगाचा पहिला चरण, मग संवत्सर, मास, तिथी. एवढ्या अफाट काळात मी आत्ता कुठे बसलो आहे, हे सांगून मगच माणूस पाणी सोडतो. अनेक हिंदूंसाठी पुनर्जन्म आणि कर्म या कल्पना याच फिरत्या काळात नांदतात.

दुसरा प्रश्न: चंद्र की सूर्य? इस्लामी वर्ष निव्वळ चांद्र, ३५४ किंवा ३५५ दिवसांचं. अधिक महिना टाकायला मनाई असल्यामुळे रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. माझ्या एक सहकारी बाई म्हणाल्या होत्या, "लहानपणी थंडीत रोजे धरले, लग्न झालं तेव्हा रमजान भर उन्हाळ्यात, आता पुन्हा थंडीत." ज्यूंचे महिनेही चांद्रच, पण पेसाह हा इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याचा सण वसंतातच यायला हवा, म्हणून ते १९ वर्षांत ७ अधिक महिने धरतात. आपल्याला अधिक मास ठाऊक असल्याने ही युक्ती लगेच कळते. ईस्टर वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेमागून येणाऱ्या रविवारी, कारण येशूचा क्रूस आणि पुनरुत्थान दोन्ही पेसाहच्या दिवसांतले. एका तारखेच्या हिशेबात दोन धर्मांचं नातं दिसतं.

आता ग्रंथ उघडा, पण पहिल्या पानापासून वाचू नका. मी कुराण तसं वाचायला गेले आणि मध्येच थांबले. सूरा, म्हणजे त्यातले अध्याय, घटनाक्रमाने लावलेल्या नाहीत, हे तेव्हा माहीत नव्हतं. नमाजात रोज पुन्हा पुन्हा म्हणतात ती सात आयतींची (वचनांची) फातिहा ही सूरा आधी वाचा. ज्यू धर्मासाठी पेसाहच्या रात्रीचं वाचन बघा, ज्यात घरातलं लहान मूल विचारतं की ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का. ख्रिस्ती धर्मासाठी मार्कचं शुभवर्तमान घ्या, चारांतलं सर्वांत छोटं. बौद्ध धर्मासाठी सारनाथचं पहिलं प्रवचन: दुःख, त्याचं कारण, त्याचा निरोध आणि अष्टांगिक मार्ग. शिखांसाठी जपजी, पहाटे म्हणायची प्रार्थना.

प्रत्येक नोंदीपुढे 'कुणाचं?' हा शब्द लिहायला विसरू नका. माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. १० मोहरमपुढे मी नुसतं 'शोक' लिहिलं होतं. शियांसाठी तो ६८० साली करबलात इमाम हुसेन शहीद झाले त्याचा शोकदिन आहेच, पण अनेक सुन्नी त्याच दिवशी मूसांच्या, म्हणजे मोझेसच्या, इजिप्तमधून सुटकेची आठवण म्हणून रोजा ठेवतात. थेरवादी बौद्ध बुद्धांचा जन्म, ज्ञानप्राप्ती आणि महापरिनिर्वाण तिन्ही वैशाखी पौर्णिमेला मानतात. जपानमध्ये या तिघांचे दिवस निरनिराळे.

मग त्या धर्माच्या माणसाशी बोला. "तुमचा विश्वास कशावर आहे?" असं विचारलं की लोक अवघडतात, पाठ केलेलं उत्तर देतात. "त्या दिवशी तुमच्या घरी काय करता?" असं विचारा. एका जैन मैत्रिणीने सांगितलं की संवत्सरीला, म्हणजे वर्षातून एकदा येणाऱ्या क्षमायाचनेच्या दिवशी, ती वयाने लहान असलेल्यांचीही माफी मागते, 'मिच्छामि दुक्कडं' म्हणते. अहिंसेवरची कितीतरी पानं मी वाचली होती, पण मनातल्या आणि बोलण्यातल्या हिंसेचाही हिशेब ठेवतात, हे मला तिच्याकडून कळलं.

बहाई धर्माचं पान मी नुकतंच सुरू केलंय. गणना १८४४ पासून, १९ दिवसांचे १९ महिने. त्यात न बसणारे चार किंवा पाच दिवस ते उपवासाच्या महिन्याआधी ठेवतात, पाहुणचारासाठी आणि दानासाठी.