सेंट्रिफ्यूजचा ब्रेक आणि सकाळची एसटी

एचआयव्हीच्या लॅबमध्ये यायचं ठरवलंत की पहिला प्रश्न घरून येतो: भीती नाही वाटत? माझ्या आईनेही विचारला होता. तिला जे सांगितलं तेच इथे सांगते. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तरी लागण होण्याची शक्यता हजारात साधारण तीन. ७२ तासांच्या आत औषधं सुरू करून २८ दिवस घ्यायची. हेपटायटिस बी त्याहून कितीतरी सहज पसरतो, म्हणून त्याची लस आधी टोचून घ्या आणि मगच रुजू व्हा. बाकी भीती दोन महिन्यांत जाते. ती पूर्ण गेली की मात्र सांभाळा, कारण लोक हातमोज्यांनी दाराचा हँडल धरायला लागतात ते तेव्हाच.

वाट ठरलेली आहे. मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री किंवा बायोटेकमध्ये एमएस्सी, मग नेट परीक्षेतून किंवा आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) जेआरएफ, म्हणजे पीएचडी करतानाची संशोधन शिष्यवृत्ती. २०२३पासून जेआरएफला महिना ३७ हजार मिळतात, वर घरभाडं. पैसे दर महिन्याला वेळेवर पडतील असं धरून चालू नका. तीन महिन्यांचं भाडं बाजूला ठेवा. अर्ज करायला पुण्याजवळच्या भोसरीची 'नारी' आहे (राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, १९९२ची, नाव आता बदललंय, पण जुने लोक नारीच म्हणतात), बंगळूरु आणि फरिदाबादलाही चांगले गट आहेत. मुलाखतीआधी एवढं तरी वाचून जा की भारतात पहिले बाधित नमुने १९८६मध्ये चेन्नईत सापडले, ते डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांच्यामुळे. सॉलोमनबाई माहेरच्या गायतोंडे. हे मला पीएचडीच्या चौथ्या वर्षी कळलं, याची अजून लाज वाटते.

आता खरं काम. रक्त आलं की ते पातळ करून फायकॉल नावाच्या जड द्रावावर अलगद सोडायचं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे नळ्या वेगाने फिरवणाऱ्या यंत्रात, फिरवायचं. तांबड्या पेशी तळाला, प्लाझ्मा वर, आणि मध्ये पांढऱ्या पेशींची एक धुरकट रिंग. तुमचं सगळं करिअर त्या रिंगेत असतं. निरोगी माणसाच्या दहा मिलिलिटर रक्तातून एक-दोन कोटी पेशी मिळतात. हे फिरवताना सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद ठेवायचा असतो, नाहीतर थांबतानाच्या झटक्याने थर एकमेकांत मिसळतात.

पहिल्याच वर्षी मी ब्रेक चालू ठेवला. नमुना होता उपचार न घेताही वर्षानुवर्षं विषाणू आटोक्यात ठेवणाऱ्या एका बाधिताचा. असे लोक शेकड्यात एखादेच. झाकण उघडलं तर नळीत नुसता गुलाबी गढूळपणा. नळीवर कोड होता, नाव नाही. ते कायद्यानेच गुप्त असतं. पण समुपदेशकताई म्हणाल्या, "ते पहाटेची एसटी पकडून आले होते गं."

तुम्ही निवडाल तो प्रश्न पाच वर्षं तसाच राहील असं समजू नका. माझा प्रस्ताव उपचार सुरू न झालेल्या रुग्णांवर होता. २०१७मध्ये सीडी४ (विषाणू ज्यांवर हल्ला करतो त्या पेशींची संख्या) कितीही असो, निदान झालं की लगेच औषध, असं धोरण आलं. रुग्णांसाठी उत्तम. माझ्या प्रबंधाचे मात्र नमुनेच संपले. मग मी औषध चालू असताना विषाणू ज्या सुस्त स्मृतिपेशींत दडून बसतो, त्या साठ्याकडे वळले. औषध थांबवलं की बहुतेकांत तो काही आठवड्यांत परत येतो, तो तिथूनच. आज संशोधकांची भरती तिथेच जास्त आहे.

लशीचं सांगायचं तर थायलंडच्या चाचणीत २००९मध्ये ३१ टक्के संरक्षण दिसलं. तीच कल्पना भारतातही सर्वाधिक आढळणाऱ्या सी उपप्रकारासाठी बेतून दक्षिण आफ्रिकेत तपासली, आणि फेब्रुवारी २०२०मध्ये थांबवावी लागली: लस घेतलेल्यांत १२९ जणांना लागण, न घेतलेल्यांत १२३. तो निकाल लॅबमध्ये मोठ्याने वाचला गेला तेव्हा कोणी काही बोललं नाही. पुढच्याच महिन्यात आम्ही निम्मे लोक कोविडच्या कामाला लागलो.

ते गृहस्थ तीन महिन्यांनी परत आले. मागच्या रक्तात काय निघालं, असं त्यांनी ताईंमार्फत विचारलं. माझ्या चुकीने वाया गेलं, असं मी कळवलं. ते म्हणाले, "मग आज दोन नळ्या घ्या."