पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाताना करायची तयारी

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आजही अनेक घरांत पाळली जाते आणि ती बाळंतिणीच्या सोयीचीही आहे. मात्र तिच्यात एक पेच असतो: सहा-सात महिने एका डॉक्टरांनी तपासलेले असते आणि प्रसूती दुसऱ्याच गावात, दुसऱ्याच डॉक्टरांच्या हाती होते. त्यामुळे झबली-दुपट्यांच्या आधी विचार करायचा तो या बदलाचा.

सुरुवातीला दिवस मोजण्याची पद्धत दोन्ही घरांनी एकच ठेवावी. 'सातवा लागला' आणि 'सातवा भरला' या दोन बोलण्यांत सुमारे चार आठवड्यांचे अंतर असते आणि प्रवासाची तारीख ठरवताना नेमका तिथेच घोळ होतो. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजतात; त्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की प्रसूतीची अपेक्षित तारीख मिळते. पाळी १० जानेवारीला आली असेल, तर तारीख १७ ऑक्टोबर. (आजीचे 'नऊ महिने नऊ दिवस' यापासून दोनच दिवस दूर आहे.) ही तारीख अंदाजाचीच असते आणि ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर बाळ केव्हाही येऊ शकते, हे लक्षात ठेवून रजा, तिकिटे आणि पाहुणे यांचा बेत आखावा.

माझ्या मते डोहाळजेवण उरकून ३२ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान माहेरी पोहोचलेले उत्तम, कारण त्यानंतर नव्या डॉक्टरांना निदान तीन-चार तपासण्या तरी करता येतात. रक्तदाब वाढलेला असेल, वार (प्लॅसेंटा) खाली असेल किंवा जुळी असतील, तर मात्र प्रवास करावा की नाही हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. रेल्वेत गर्भवतींसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो, त्याचा लाभ घ्यावा. मोटारीने जाताना पट्टा पोटाच्या खालून, मांड्यांच्या वरच्या बाजूने घ्यावा आणि दर दीड-दोन तासांनी उतरून चार पावले चालावे.

फाईल हा या तयारीचा कणा आहे. तिच्यात माता व बाल संरक्षण कार्ड, रक्तगट, हिमोग्लोबिनचे सर्व अहवाल, साखर, एचआयव्ही आणि कावीळ बी यांच्या तपासण्या, धनुर्वाताच्या लसीच्या तारखा आणि सगळ्या सोनोग्राफी तारखेच्या क्रमाने लावाव्यात. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी सर्वांत वर ठेवावी, कारण बाळाचे वय तीवरून सर्वांत अचूक ठरते; नंतरच्या सोनोग्राफीत तारीख पुढे-मागे दिसली, तरी सहसा पहिलीच धरतात. आमच्या घरी नेमका हाच एक कागद कपाटात राहिला होता आणि रात्री साडेअकराला त्याचा फोटो मागवावा लागला. तेव्हापासून मी सर्वांना सांगते की, प्रत्येक कागदाचा फोटो नवऱ्याच्या आणि आईच्या, अशा दोन्ही फोनमध्ये असावा.

आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि वडिलांचा पॉझिटिव्ह असेल, तर आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होऊ नयेत म्हणून साधारण २८व्या आठवड्यात अँटी-डीचे इंजेक्शन देतात आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत पुन्हा देतात. पहिले इंजेक्शन नेमके गाव बदलण्याच्या सुमारास येत असल्याने ते कोण देणार, हे आधीच विचारून घ्यावे आणि दिल्याची तारीख फाईलवर लिहून घ्यावी.

रुग्णालय निवडताना रात्री सिझर करता येते का, भूलतज्ज्ञ किती वेळात येतात, रक्त कुठून मिळते आणि नवजात बाळाला काचेत ठेवण्याची सोय आहे का, एवढे प्रश्न संकोच न बाळगता विचारावेत. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे सिझरसह प्रसूती, औषधे, तपासण्या, रक्त आणि घरी सोडणारे वाहन विनामूल्य असते. त्यासाठी माहेरच्या गावातील आशाताईंना आल्या आल्या भेटावे. १०२ आणि १०८ हे दोन्ही क्रमांक घरातल्या प्रत्येकाला पाठ असावेत.

पहिल्या खेपेला कळा दर पाच मिनिटांनी, जवळपास मिनिटभर टिकणाऱ्या, अशा तासभर येत राहिल्या की निघावे; रुग्णालय लांब असेल तर त्याआधीच. कळा एका कळेच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंत मोजायच्या असतात आणि हे काम घड्याळ घेऊन शेजारी बसलेल्या माणसाचे आहे. मात्र पाणी गेले, अंगावर लाल गेले, डोके असह्य दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर कळांची वाट न पाहता तत्काळ निघावे.

बाळंतिणीच्या खोलीबद्दल आईशी आधीच बोलणे अवघड पण आवश्यक असते. अळीव आणि डिंकाचे लाडू खुशाल करावेत. बंद खोलीतली कोळशाची शेगडी आणि धुरी मात्र नको, कारण तो धूर बाळाच्या छातीत जातो. पहिल्या तासातच अंगावर पाजावे, चिकाचे दूध फेकू नये आणि मध किंवा गुटी चाटवू नये. माझी युक्ती अशी की, नव्या डॉक्टरांकडे पहिल्याच भेटीला आईला सोबत न्यावे आणि हे प्रश्न तिच्यासमोर विचारावेत. मुलीने सांगितलेले जे पटत नाही, ते डॉक्टरांनी सांगितले की पटते.

नोकरी करणाऱ्या स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी कायद्याने २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते आणि त्यांपैकी जास्तीत जास्त आठच आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. त्यामुळे लवकर माहेरी जाणाऱ्यांनी हा हिशेब कार्यालयाशी बोलून घ्यावा. जन्माची नोंद जिथे बाळ जन्मले तिथेच, २१ दिवसांच्या आत होते; म्हणजे दाखलाही माहेरच्याच ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा मिळतो. म्हणून रुग्णालयातून घरी सोडण्यापूर्वी नोंदीच्या अर्जावरील आई-वडिलांची नावे आधार कार्डाशी अक्षरशः ताडून पाहावीत. चुकलेला एक काना दुरुस्त करण्यासाठी पुढे त्याच गावी परत यावे लागते.