डिमेन्शिया टाळायला चालताय? मग या चुका टाळा

घरात कोणी चष्मा कुठे ठेवला ते विसरलं की लगेच फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड येतो, रोज दहा हजार पावलं चाला, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होणारच नाही. चाला हे बरोबर, पण होणारच नाही हे कोणी सांगितलं? पहिली चूक हीच, व्यायामाला लस समजायची.

लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या कमिशनच्या २०२४ च्या रिपोर्टमध्ये टाळता येण्यासारखी १४ कारणं दिलीत, ती सगळी मिळून साधारण ४५ टक्के केसेसच्या मागे असावीत असा अंदाज आहे आणि त्यात व्यायाम न करण्याचा वाटा फक्त २ टक्के. कमी ऐकू येणं आणि वाढलेलं एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, प्रत्येकी ७! आता हा २ बघून बूट माळ्यावर टाकू नका, कारण बीपी, शुगर, वजन हे त्याच यादीत वेगळे मोजलेत आणि चालण्याने तेही आटोक्यात राहायला मदत होते. पण रोज तासभर चालतो म्हणून बीपीची गोळी बंद केली, कानाचं मशीन कपाटात ठेवून दिलं, असं करणारे बरेच आहेत आणि तिथे गणित फसतं.

दुसरी चूक मला सगळ्यात मोठी वाटते. बाबांनी फिरायला जाणं सोडलं, मग दोन-तीन वर्षांनी विसरायला लागले, की सगळे म्हणतात बघा चालणं सोडलं म्हणून झालं. उलटंही असू शकतं ना. लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा व्हाइटहॉल टू नावाचा अभ्यास आहे, दहा हजारांवर माणसं, पाव शतकाहून जास्त काळ पाहिलेली. २०१७ मध्ये त्याचे आकडे आले तेव्हा दिसलं की ज्यांना पुढे डिमेन्शिया झाला त्यांची हालचाल निदानाच्या साधारण ९ वर्षं आधीपासूनच कमी होत गेली होती. म्हणजे आजार आत सुरू झालेला असतो आणि आपण "आळशी झालात हो तुम्ही" म्हणून टोमणे मारत बसतो. नेहमी चालणारा माणूस अचानक टाळायला लागला तर आधी कारण शोधा, गुडघा दुखतोय का, पडायची भीती बसलीय का, रस्ता चुकले होते का आणि लाजून बोलले नाहीत का, मन उदास आहे का. डॉक्टरांना दाखवून बी१२ आणि थायरॉइडची टेस्टही करून घ्या, या दोन्हींमुळे होणारं विस्मरण बऱ्याचदा औषधाने सुधारतं.

पावलांचं म्हणाल तर १०,००० हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना आला, कुठल्या लॅबमधून नाही. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या ७८ हजार लोकांच्या मनगटावरच्या यंत्रांचा डेटा बघितला तर ९,८०० च्या आसपास धोका सगळ्यात कमी, जवळपास निम्मा दिसला, पण ३,८०० पावलांवरही साधारण २५ टक्के कमी होता. (इथेही आधी कोण आजारी होतं हा प्रश्न उरतोच, त्यामुळे आकडे जपून घ्या.) तेव्हा घड्याळात ६,००० दिसले म्हणून रात्री अकराला हॉलमध्ये येरझाऱ्या घालू नका, झोपा.

आणि वेग! ग्रुपने हळूहळू टिवल्याबावल्या करत गार्डनला दोन राउंड, मग मिसळ, याला मी गप्पा म्हणेन, गप्पाही चांगल्याच कारण एकटेपणाही त्या यादीत आहे, पण व्यायाम म्हणजे बोलता येतंय आणि गाणं म्हणता येत नाहीये इतका दम लागला पाहिजे. तसा आठवड्याला १५० मिनिटं, हा डब्ल्यूएचओचा किमान हिशोब. शिवाय दोन दिवस ताकदीचे व्यायाम आणि साठी-पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचे, जे आपल्याकडे कोणी करतच नाही. पडून डोक्याला मार लागणं हेसुद्धा डिमेन्शियाचं एक कारण आहे, म्हणून पावसाळ्यात शेवाळलेल्या रस्त्यावर घसरत्या चपलांनी जाऊ नका. गुडघे बोलत असतील तर खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं करा, भिंतीला हात टेकून पुशअप करा, हातपाय मजबूत होतात. हार्टचा त्रास असेल तर आधी विचारून.

निदान झालेलं असेल तर मात्र आईला जबरदस्तीने जिमला नेऊ नका. ब्रिटनमध्ये डापा नावाची ट्रायल झाली, डिमेन्शिया असलेल्या ४९४ लोकांवर, २०१८ मध्ये निकाल आला. जोरकस व्यायामाने फिटनेस सुधारला, विसरणं मात्र थांबलं नाही. हातपाय चालते राहावेत म्हणून संध्याकाळी सोबत फिरवा, आवडत असेल तेवढंच, एकटं पाठवू नका आणि खिशात घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या.