माणदेशाची हिरवळ उपग्रहातून मोजताना

माणदेशातल्या म्हसवडच्या माळाचं उपग्रहाने टिपलेलं एक चित्र ऑक्टोबरातलं घ्या, दुसरं मे महिन्यातलं घ्या, शेजारी ठेवा. वाळवंट वाढल्याचा पुरावा तयार! इतकी ढोबळ चूक सहसा कोणी करत नाही. पण २००३ चा ऑक्टोबर आणि पुढच्या एखाद्या भरपावसाच्या वर्षातला ऑक्टोबर शेजारी ठेवून ‘पाणलोटाच्या कामांमुळे हिरवाई वाढली’ असा निष्कर्ष प्रबंधांत सर्रास काढला जातो. २००३ हे इथलं दुष्काळाचं वर्ष. चूक तीच, फक्त अंगावर कोट घातलेला.

मोठ्या लोकांनीही ती केली आहे. परिसंस्थांचे अभ्यासक ह्यू लॅम्प्री यांनी १९७५ साली उत्तर सुदानवरून विमानाने पाहणी केली, ती १९५८ च्या वनस्पती नकाशाशी ताडली आणि सतरा वर्षांत वाळवंट ९० ते १०० किलोमीटर सरकल्याचं सांगितलं. जुन्या नकाशातली वाळवंटाची हद्द पावसाच्या समरेषेवरून (सारखा पाऊस पडणाऱ्या जागा जोडणाऱ्या रेषेवरून) आखलेली होती, आणि नवी पाहणी साहेलमधल्या, म्हणजे सहाराच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यातल्या, दीर्घ दुष्काळाच्या पाठोपाठची. पुढे स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या भूगोलज्ञांनी उपग्रहचित्रं आणि जमिनीवरची पाहणी यांची सांगड घातली, तेव्हा ते सरकणं सापडलं नाही. कोरड्या मुलखात हिरवाई आधी पावसाच्या मागे जाते, माणसाच्या मागे नंतर. म्हणून पाऊस वजा केल्याशिवाय कुठलाही कल सांगू नये. खालची सगळी खटपट त्यासाठी.

आधी हद्द ठरवा. वार्षिक पाऊस भागिले संभाव्य बाष्पोत्सर्जन (पाणी भरपूर असतं तर जमीन आणि झाडं मिळून वर्षात जेवढं हवेत सोडतील तेवढं) हा शुष्कता निर्देशांक ०.६५ च्या खाली असेल तर तो शुष्क प्रदेश, ०.२० ते ०.५० मध्ये अर्धशुष्क. माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत हा पट्टा त्यातच बसतो. तालुक्याची सीमा सोपी पडते, पण पाणी तालुका पाळत नाही. माणगंगेचं खोरं घ्या. नकाशाचं प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची पद्धत) यूटीएम ४३ उत्तर, संगणकातला त्याचा संकेतांक ईपीएसजी ३२६४३.

लांब पल्ल्यासाठी अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची चित्रं, कलेक्शन २, लेव्हल २ (वातावरणाचा परिणाम काढून टाकलेली). लँडसॅट ५ ची चित्रं १९८४ पासून आहेत, ३० मीटरची, १६ दिवसांच्या फेरीने. आपल्या भागावर दर वर्षी स्वच्छ चित्रं किती मिळतात ते आधी मोजून तक्ता करा. नव्वदच्या दशकात ती विरळ आहेत. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटरची चित्रं २०१५ नंतरचीच, पण शेताच्या बांधापर्यंत पोचायचं तर तीच हवीत.

चित्र कुठल्या आठवड्यातलं, यावर निम्मा अभ्यास ठरतो. जुलै-ऑगस्टात ढग. माळावरचं कुसळी-पवन्याचं गवत सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात ऐन भरात असतं, नोव्हेंबरात पिवळं पडतं. शाळू डिसेंबर-जानेवारीत हिरवा. मार्च-एप्रिलला जे हिरवं उरतं ते ऊस, डाळिंब, नाहीतर वेडी बाभूळ. गवतासाठी १ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर हा काळ धरा आणि दर वर्षी तोच ठेवा. पाऊस पडून गेल्यावर चार दिवसांच्या आतलं चित्र टाळा. ओली काळी जमीन गडद होते आणि विरळ गवत आहे त्यापेक्षा दाट भासतं.

आता जिथे सगळे अडखळतात ते. लँडसॅटच्या लेव्हल २ चित्रातला आकडा म्हणजे परावर्तन (पडलेल्या प्रकाशातला परत फिरलेला हिस्सा) नव्हे, त्याला ०.००००२७५ ने गुणून ०.२ वजा करावं लागतं. समजा लाल पट्ट्यात १०९१० आहे आणि निकट-अवरक्तात (डोळ्यांना न दिसणारा, हिरवी पानं भरपूर परतवतात तो प्रकाश) १४५४५. बदलल्यावर ते ०.१० आणि ०.२० होतात, एनडीव्हीआय हा हिरवाईचा निर्देशांक (दोन परावर्तनांची वजाबाकी भागिले बेरीज) येतो ०.३३. तेच कच्चे आकडे सूत्रात घातले तर ०.१४. म्हणजे बऱ्यापैकी गवताचा माळ कागदावर उजाड! नकाशा छान रंगीत दिसतो, म्हणून ही चूक लक्षात येत नाही. सेंटिनेलचा सापळा वेगळा: २५ जानेवारी २०२२ पासूनच्या प्रक्रियेत आकड्यांत १००० मिळवलेले असतात. ते वजा करा, किंवा गूगलच्या अर्थ इंजिनमधला ‘हार्मोनाइज्ड’ संग्रह घ्या.

ढगांसाठी लँडसॅटच्या क्यूए-पिक्सेल या गुणवत्तेच्या थरात १, ३ किंवा ४ क्रमांकाची खूण (बिट) असलेले पिक्सेल, म्हणजे चित्राचे चौकोन, गाळा: ढगाची कड, ढग, सावली. मात्र गाळलेला भाग एकदा डोळ्यांनी पाहाच. उघडा, पांढुरका मुरूम पुष्कळदा ढग समजून गाळला जातो. मग सगळ्यात खराब जमीनच अभ्यासातून बाहेर, आणि सरासरी आपोआप सुधारते.

लँडसॅट ७ च्या चित्रांत ३१ मे २००३ नंतर काळ्या पट्ट्या आहेत, सुमारे २२ टक्के भाग गायब. त्या शेजारच्या आकड्यांनी भरू नका. हंगामातल्या सगळ्या चित्रांची मध्यका काढा. आणि लँडसॅट ८ (२०१३ पासून) चा संवेदक जुन्यांपेक्षा एनडीव्हीआय किंचित जास्त दाखवतो. रूपांतराचं समीकरण न लावता मालिका जोडली तर २०१३ नंतर अख्खा माणदेश हिरवा होताना दिसतो.

विरळ गवतावर जमिनीचा रंग हावी होतो, म्हणून जमिनीचा परिणाम कमी करणारा सावी हा निर्देशांकही काढा: दोन परावर्तनांची वजाबाकी भागिले (बेरीज अधिक ०.५), गुणिले १.५. वरच्याच आकड्यांवर ०.१९ येतो. दोन्ही निर्देशांकांचा कल एकाच दिशेला असेल तर विश्वास ठेवा. उलटसुलट असेल तर माती बोलतेय.

पाऊस वजा करणं तसं सोपं. दर वर्षीचा जून ते ऑक्टोबरचा पाऊस आणि त्या वर्षीचा हिरवाईचा उच्चांक यांचं प्रत्येक पिक्सेलसाठी समाश्रयण (रिग्रेशन) करा. पावसाने न समजावलेला जो अवशेष उरतो, त्याचा कल सेन उतार (कल किती) आणि मान-केंडॉल चाचणी (तो खरा की योगायोग) यांनी पाहा. वीस वर्षं तरी हवीत. चर्प्स या उपग्रह आणि पर्जन्यमापक यांच्या एकत्रित नोंदींमधला पाऊस १९८१ पासून मिळतो, पण त्याचा एक चौकोन साधारण साडेपाच किलोमीटरचा. वळवाची सर एका शिवारात पडते आणि शेजारचं कोरडं राहतं, हे त्याला दिसत नाही. अलीकडच्या वर्षांचा मंडळनिहाय पाऊस राज्य सरकारच्या महारेन संकेतस्थळावर आहे, ताळा करून घ्या. जिथे पाऊस आणि हिरवाईचा संबंधच लागत नाही ते पिक्सेल बाजूला काढा. टेंभू, उरमोडी या सिंचन योजनांचं पाणी पोचलेली शिवारं त्यात येतील. तिथली हिरवाई पावसाची नव्हे, कालव्याची.

मग माळावर जावंच लागतं. ३० मीटरच्या चित्रासाठी ९० गुणिले ९० मीटरचा एकसारखा तुकडा निवडा, म्हणजे जीपीएस पाच मीटर चुकला तरी मधला पिक्सेल त्यातच राहतो. ३० मीटरची टेप ताणा आणि दर अर्ध्या मीटरला खाली काय आहे ते लिहा: हिरवं, वाळलेलं, दगड, माती. साठ नोंदींपैकी अठरा हिरव्या, तर आच्छादन ३० टक्के. अशा तीन रेषा, वेगवेगळ्या दिशांना.

मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगराला ‘इथं गवत वाढलं का?’ असं विचारू नका. ‘कुठलं गवत, कुठल्या महिन्यापर्यंत पुरतं?’ असं विचारा. एप्रिलात उपग्रहाला हिरवागार दिसणारा ओढ्याकाठ वेड्या बाभळीने गच्च भरलेला असतो, आणि मेंढरांना आत शिरायला वाट नसते. हिरवं वाढलं आणि चराई घटली, दोन्ही एकाच जागी खरं असू शकतं.

या विषयात वीस-पंचवीस वर्षं काढायची असतील तर हे तुकडे दर वर्षी त्याच आठवड्यात पुन्हा मोजायचे असतात. कोपऱ्यांवर लोखंडी खुंट्या ठोकू नका, भंगारात जातात. जागेवरचाच जड दगड बघून त्याच्या खालच्या अंगाला ऑइलपेंटने क्रमांक घाला, आणि तिथून चारी दिशांचे फोटो काढून ठेवा.